ओढ वाढते, गोडी आटते: अतिखाणं आणि मेंदू



लठ्ठ माणसाला आपल्याकडे फुकटचे सल्ले फार मिळतात. तोंडावर ताबा ठेवा, रात्रीचा भात सोडा, सकाळी उठून जरा चाला. सल्ला देणाऱ्याच्या मनातला हिशेब सरळ असतो. खाणं हा माणसाचा स्वतःचा निर्णय, तो चुकला म्हणून वजन वाढलं, तो सुधारला की उतरेल. नाहीच उतरलं तर माणूस आळशी किंवा हावरट. दारुड्याबद्दल आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीची समजूत हीच होती आणि ती हलवायला वैद्यकाला बराच काळ झगडावं लागलं. आज मी मांडणार आहे ते असं की, सतत अति खाण्याने, त्यातही एका विशिष्ट प्रकारचं अन्न अति खाण्याने, मेंदूतल्या ओढीच्या यंत्रणेत जे फेरफार होतात ते व्यसनातल्या फेरफारांच्या कुळातले आहेत. कुळातले म्हणतो आहे. हुबेहूब तेच आहेत असं म्हणत नाही. 'साखर कोकेनइतकीच घातक' असे मथळे देणारे आणि 'हे सगळं खादाडांना पाठीशी घालणारं थोतांड' म्हणणारे, दोघेही नेमके याच जागी घसरतात. आणि हे कुळ एकदा ओळखलं, की ताबा ठेवण्याच्या सल्ल्यातली गोम कळते. ज्या मेंदूने ताबा ठेवायचा, फेरफार त्याच मेंदूत झालेला असतो.

सुरुवात १९५४ पासून करावी लागते. कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली आणि पिंजऱ्यात एक दांडी ठेवली. दांडी दाबली की तारेतून क्षणभर सौम्य वीजप्रवाह जाई. तार ठरावीक भागात बसलेली असली की उंदीर ती दांडी तासाला शेकडो वेळा दाबत. मेंदूतलं सुखकेंद्र सापडलं असा बोलबाला झाला. पुढे या भागांशी डोपामिन या रसायनाचा संबंध लागला आणि डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन ही समजूत रूढ झाली. रविवारच्या पुरवण्यांतून ती अजून छापून येते. ती चुकीची आहे, आणि ती चुकीची आहे हे ज्या प्रयोगाने दाखवलं तो आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ च्या सुमारास काही उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ पूर्ण नष्ट केलं. हे उंदीर खायचेच थांबले. नळीने अन्न घातलं नाही तर भरल्या ताटापुढे उपाशी मरतील अशी त्यांची गत झाली. डोपामिन म्हणजे आनंद असेल, तर या उंदरांना कशातच गोडी वाटायला नको होती. बेरिज यांनी त्यांच्या तोंडात साखरपाणी सोडलं आणि चेहऱ्याकडे पाहिलं. गोड लागलं की उंदीर जीभ बाहेर काढून ओठ चाटतो, कडू लागलं की जबडा वासतो. तान्ह्या बाळांच्या चेहऱ्यावरही हेच भाव उमटतात. डोपामिन नसलेल्या या उंदरांनी ओठ अगदी नेहमीसारखे चाटले. त्यांची गोडी शाबूत होती, फक्त चार पावलं टाकून ते गोड मिळवावं ही ओढ उरलेली नव्हती.

म्हणजे एखादी गोष्ट आवडणं आणि ती हवीहवीशी वाटणं या मेंदूच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एरवी त्या जोडीने चालतात म्हणून आपल्याला एकच वाटतात. बेरिज आणि त्यांचे सहकारी टेरी रॉबिन्सन यांनी १९९३ साली याच पायावर व्यसनाची उपपत्ती मांडली. व्यसनी माणसाला त्या पदार्थाची ओढ वाढत जाते, पण त्यातली गोडी तेवढी वाढत नाही, बऱ्याचदा आटत जाते. जुना दारुडा पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतो आणि तरी पेला खाली ठेवत नाही, याचा उलगडा आनंदाच्या हिशेबाने होत नाही, ओढीच्या हिशेबाने होतो. याच दशकात स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांच्या डोपामिन पेशींची नोंद घेत होते. माकडाला अनपेक्षितपणे फळाचा रस मिळाला की या पेशी उसळत. रसाच्या आधी दिवा लागतो हे माकडाला कळू लागलं, की उसळी रसावरून सरकून दिव्यावर आली. रस तोंडात पडताना आता काहीच होत नव्हतं. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी पेशी नेहमीपेक्षाही मंदावत. डोपामिन चवीपेक्षा खुणेला जास्त जुमानतं. दुकानाची पाटी, पुडी फाडल्याचा आवाज, टीव्हीसमोरची ठरलेली जागा, संध्याकाळचे साडेपाच, ही सगळी माणसाच्या आयुष्यातली दिव्याची रूपं. पोट भरलेलं असतानाही त्यांतली एखादी खूण ओढ जागी करते, आणि ओढीला उत्तर मिळालं नाही तर वाटणारी रुखरुखही खरी असते. ती मनाचे चोचले म्हणून झटकता येत नाही.

आता अतिखाण्याकडे येऊ. फ्लॉरिडातल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेत पॉल जॉन्सन आणि पॉल केनी यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयात वारंवार सांगितला जातो, आणि बहुतेक वेळा अर्धवट. त्यांनी उंदरांचे तीन गट केले. एकाला नेहमीचा पौष्टिक चारा. दुसऱ्याला चारा आणि दिवसातून एक तास बेकन, सॉसेज, चीजकेक, चॉकलेट असला माल. तिसऱ्याला हाच माल जवळजवळ दिवसभर. तिसऱ्या गटाचं वजन झपाट्याने वाढलं, यात नवल काही नाही. लक्ष द्यायचं ते दुसऱ्याच मापाकडे. या उंदरांच्या मेंदूतही ओल्ड्सच्या पद्धतीची तार होती, आणि किती प्रवाह दिला म्हणजे उंदराला तो हवासा वाटतो हे रोज मोजलं जात होतं. तिसऱ्या गटात हा उंबरठा आठवड्यामागून आठवडा चढत गेला. पूर्वी जेवढ्याने भागत होतं तेवढ्याने भागेना. कोकेन आणि हेरॉइन दीर्घकाळ मिळणाऱ्या उंदरांत उंबरठा असाच चढतो. डोपामिनचा संदेश झेलणारे पेशींवरचे डी-टू नावाचे रिसेप्टरही त्यांच्या स्ट्रायटममध्ये, म्हणजे ओढ आणि सवय यांची सूत्रं हलवणाऱ्या भागात, कमी झालेले आढळले. मग उंदरांना शिकवलं की अमुक दिवा लागला की पायाला विजेचा झटका बसतो. चाऱ्यावरचे उंदीर दिवा दिसताच चाचणीपुरतं पुढ्यात ठेवलेलं चमचमीत खाणं सोडून मागे सरत. तिसऱ्या गटातले दिव्याकडे पाहत खातच राहत. शेवटी माल काढून घेऊन फक्त चारा ठेवला, तर यांनी चाऱ्याला जवळपास तोंड लावलं नाही, आणि मेंदूतला चढलेला उंबरठा दोन आठवडे उतरला नाही. अर्धवट सांगताना गाळला जातो तो दुसरा गट. एक तासवाले उंदीर त्या तासात अधाशासारखे खात, दिवसभरातल्या उष्मांकांपैकी बराच मोठा वाटा त्या एका तासात उरकत. पण त्यांचा उंबरठा चढला नाही. तोच माल, तोच उंदीर. फरक एवढाच की एकाला तो ठरल्या वेळी मिळत होता आणि दुसऱ्याच्या पुढ्यात अष्टौप्रहर होता. माझ्या मते या प्रयोगातलं सगळ्यांत मोलाचं निरीक्षण हे आहे, आणि त्याकडे मला पुन्हा यायचं आहे.

उंदरांवरून माणसांकडे उडी मारायची नसते, हे मान्य. माणसांतला पहिला गाजलेला पुरावा २००१ चा. न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत जीन-जॅक वांग आणि नोरा वोल्कोव यांनी दहा अतिस्थूल आणि दहा इतर माणसांचे पेट स्कॅन केले. स्थूलांच्या स्ट्रायटममध्ये डी-टू रिसेप्टर कमी उपलब्ध दिसले, आणि त्यांच्यात ज्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, जास्त त्याचे रिसेप्टर आणखी कमी. वोल्कोव यांनी कोकेन घेणाऱ्यांत असंच चित्र आधी पाहिलं होतं, म्हणून तर त्या इकडे वळल्या. पण एका वेळच्या स्कॅनवरून आधी काय आणि मागाहून काय ते ठरत नाही. कमी रिसेप्टर घेऊन जन्मलेला माणूस जास्त खातो, की जास्त खाऊन रिसेप्टर कमी होतात? एरिक स्टाइस यांच्या गटाने २०१० साली काही स्त्रियांना सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा तपासलं. मिल्कशेकचा घोट घेताना स्ट्रायटम किती उजळतो ते पाहिलं. मधल्या काळात ज्यांचं वजन वाढलं त्यांचा प्रतिसाद आधीपेक्षा मंदावला होता. ज्यांचं स्थिर होतं त्यांचा तसा मंदावला नव्हता. जर्मनीत कोलोन इथे २०२३ साली याच्याही पुढचं पाऊल टाकलं गेलं. सामान्य वजनाच्या माणसांना आठ आठवडे रोजच्या जेवणाखेरीज एक गोड, स्निग्ध पदार्थ दिला, तुलनेच्या गटाला कमी साखरेचा, कमी चरबीचा. दोन्ही गटांच्या वजनात लक्षणीय फरक पडला नाही. तरीही पहिल्या गटाला आठ आठवड्यांनी कमी चरबीचं अन्न पूर्वीइतकं रुचेना, आणि मिल्कशेकच्या अपेक्षेला आणि चवीला त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद, स्टाइस यांना दिसलं त्याच्या उलट, वाढलेला होता. मेंदू बदलायला अंगावर चरबी चढावीच लागते असं नाही, हा धडा मला वजनकाट्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या मिरेल सर्ली यांच्या गटाने जीभच वगळली. नळीने थेट जठरात साखर किंवा चरबी सोडून मेंदूचा प्रतिसाद मोजला. सडपातळ माणसांत चरबी पोटात पोचताच डोपामिन स्रवलं, स्थूल माणसांत नाही. बारा आठवडे पथ्य करून वजन दहा टक्के उतरवल्यावरही तो प्रतिसाद परतला नाही. पोटाकडून आलेला 'पुरे' हा निरोप ज्याच्या मेंदूला नीट मिळतच नाही, त्याला 'पुरे आता' असं आपण तोंडाने सांगत असतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो कच्चा नाही. केंब्रिजमधल्या हिशाम झियाउद्दीन, सदफ फारूकी आणि पॉल फ्लेचर यांनी २०१२ साली हा सगळा पुरावा तपासून विचारलं की, व्यसनाची ही उपमा मुळात कितपत टिकते? वांग-वोल्कोव यांचा निष्कर्ष नंतर सगळीकडे मिळाला नाही. काही अभ्यासांत फरक दिसला नाही, काहींत तो उलट दिशेने दिसला. अगदी अलीकडे, २०२५ साली, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांच्या गटाने पन्नास जणांना साखर आणि चरबीने भरलेला मिल्कशेक देऊन पेट स्कॅन केले. अमली पदार्थ घेतल्यावर डोपामिनची जशी लाट दिसते तशी सरासरीत दिसली नाही. माणसामाणसांत फरक मात्र भलताच होता, आणि त्याचा अंगावरच्या चरबीशी मेळ बसत नव्हता. हा निष्कर्ष मी बाजूला सारणार नाही. तो 'साखर म्हणजे कोकेन' या मथळ्याला निकालात काढतो, आणि ते बरंच झालं. पण माझ्या म्हणण्याला तो कुठे लागतो? एका घोटाने डोपामिनचा पूर येतो असं माझं म्हणणं नाहीच. महिनोन्महिने पुन्हापुन्हा खाल्ल्याने खुणा आणि ओढ यांची गाठ पक्की होते, प्रतिसादाची पातळी सरकते, हे म्हणणं आहे. एका पेल्याने कोणाचं यकृत सुजत नाही म्हणून दारूने यकृत बिघडत नाही असं आपण म्हणत नाही. शिवाय स्थूल माणसं म्हणजे एकाच साच्यातले गणपती नव्हेत. येल विद्यापीठात असताना ॲशली गिअरहार्ट यांनी २००९ साली खाण्यातलं व्यसनसदृश वर्तन मोजणारी प्रश्नावली तयार केली. पुन्हापुन्हा ठरवूनही कमी खाता न येणं, त्रास होतो हे कळत असूनही खात राहणं, असे दारू-अफूचेच निकष तिथे खाण्याला लावले आहेत. स्थूल माणसांपैकी बहुसंख्य त्या निकषांत बसत नाहीत, आणि सामान्य वजनाची काही माणसं बसतात. लठ्ठपणाला सरसकट व्यसन म्हणणं म्हणूनच चूक आहे. जनुकं, झोप, औषधं, थायरॉइड, गरोदरपण, अशी वजनाची कारणं अनेक आहेत. काही थोड्या मुलांच्या शरीरात लेप्टिन हे संप्रेरकच तयार होत नाही, आणि ते टोचल्यावर त्यांची न शमणारी भूक ताळ्यावर येते. त्यांना व्यसनी म्हणणारा माणूस वैद्यकातलं काही जाणत नाही.

दुसरा आक्षेप असा की, दारूवाचून जगता येतं, अन्नावाचून येत नाही. मग अन्न व्यसन कसं होईल? आणि अन्नातलं नेमकं कुठलं रसायन? अफूत मॉर्फिन आहे, तंबाखूत निकोटिन आहे, बटाट्याच्या वेफर्समध्ये काय आहे? रसायनाचा आग्रह वैद्यकाने स्वतःच सोडला आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसंहितेची पाचवी आवृत्ती २०१३ साली आली, तिने जुगाराला व्यसनांच्या प्रकरणात बसवलं. जुगारात पोटात काहीच जात नाही. त्याच आवृत्तीत अन्नाचं व्यसन मात्र घेतलेलं नाही. झपाटल्यासारखं भसाभस खाण्याचा विकार तेवढा स्वतंत्र निदान म्हणून आला. राहता राहिली अन्नावाचून न जगण्याची गोष्ट. जगायला अन्न लागतं, वेफर्ससारखं अन्न लागत नाही. अँडीज पर्वतातले लोक हजारो वर्षं कोकाची पानं चघळत आले. १८६० च्या आसपास आल्बर्ट नीमान यांनी त्या पानांतून कोकेन वेगळं काढलं, आणि पुढे ते हुंगायच्या, टोचायच्या, ओढायच्या रूपात आलं, तेव्हा एका वनस्पतीचं रूपांतर जीवघेण्या व्यसनात झालं. रेणू तोच, मात्रा आणि वेग बदलला. उसाचं कांडं दातांनी सोलून, चावून, चोथा थुंकत खाणारा माणूस दमून थांबतो. तीनशे मिलिलिटर शीतपेयात तीस ग्रॅमहून जास्त साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे, आणि ती दोन मिनिटांत पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवलेली जास्त कडक मर्यादा पाळायची तर दिवसाचा वाटा साधारण पंचवीस ग्रॅम आहे. मिश्रणाची गोष्ट वेगळीच. साखर आणि चरबी दोन्ही भरपूर असलेले पदार्थ निसर्गात फार थोडे. दूध हा त्यातला ठळक. २०१८ साली डेना स्मॉल यांच्या गटाने सारख्याच उष्मांकांचे आणि सारखेच आवडते तीन प्रकारचे पदार्थ दाखवून माणसांना बोली लावायला सांगितली. पिष्ट-शर्करा आणि चरबी एकत्र असलेल्या पदार्थाला बोली जास्त लागली आणि स्ट्रायटमही जास्त पेटला. एकेकट्याची बेरीज केली तरी एवढी होत नव्हती.

यावर कोणीही शहाणा मराठी माणूस म्हणेल, आमच्या श्रीखंडात साखर आहे, चरबी आहे. पुरणपोळीवर तूप पडतं. बासुंदी तर दोन्हींचा अर्क. मग आमच्या आज्या-पणज्या व्यसनी का झाल्या नाहीत? प्रश्न बिनतोड आहे, आणि उत्तर त्या एक तासवाल्या उंदरांनी देऊन ठेवलेलं आहे. श्रीखंडासाठी दही रात्रभर फडक्यात टांगावं लागे, चक्का पुरणयंत्रातून काढावा लागे. पुरण शिजवायचं, वाटायचं, कणीक तिंबायची, पोळी न फाटता तव्यावर टाकायची. सण असे, पाहुणे असत, मागे राबणारी बाई असे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भाकरी-पिठलं. त्या राबणाऱ्या बाईच्या कष्टांचे गोडवे मी गाणार नाही. ते कष्ट कमी झाले हे चांगलंच. पण त्या कष्टांमुळे गोडावर आपोआप जो लगाम होता तो गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला नाही. आज श्रीखंड वर्षभर डब्यात मिळतं, आणि चरबी-मीठ-साखरेची पाच-दहा रुपयांची पुडी वाण्याच्या दाराला माळ लावून टांगलेली असते. ती घ्यायला सण लागत नाही की भूक लागत नाही. केव्हिन हॉल यांनीच २०१९ साली वीस माणसांना महिनाभर रुग्णालयात ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. पुढ्यात ठेवलेल्या जेवणांतली साखर, चरबी, तंतू, उष्मांक सारखे ठेवले होते, आणि हवं तेवढं खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसं रोज सुमारे पाचशे उष्मांक जास्त खाऊन गेली, सरासरी ०.९ किलोने वाढली. साध्या अन्नावर तेवढीच उतरली. ताबा ठेवणारी माणसं दोन्ही वेळा तीच होती.

तिसरा आक्षेप नैतिक आहे, आणि मला वाटतं मनातून सगळ्यांचा खरा आक्षेप हाच असतो. व्यसन म्हटलं की माणूस सुटला. 'माझा मेंदूच तसा' म्हणून तो हात झटकेल. वास्तवात व्यसनाचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैनिकांमध्ये हेरॉइन बोकाळलं. समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. तिथे हेरॉइनच्या पुरते आहारी गेलेल्यांपैकी मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा त्याच गर्तेत गेलेले अगदी थोडे निघाले. मेंदू तोच होता. खुणा, सोबत आणि सहज मिळणारा माल मागे राहिला होता. व्यसन म्हणजे जन्मठेप असं कोणी सांगत असेल तर त्याला हा दाखला द्यावा. उलट निंदेने काय साधतं तेही मोजून झालं आहे. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वजनावरून भेदभाव सोसावा लागलेली पण तोवर स्थूल नसलेली माणसं चार वर्षांनी स्थूल झालेली असण्याची शक्यता इतरांच्या अडीच पट आढळली. 'मग उपाशी राहा' या तोडग्याची परीक्षा तर १९४४-४५ मध्येच मिनेसोटात झाली होती. ॲन्सेल कीज यांनी छत्तीस धडधाकट तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं. ते तरुण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, अन्नाची स्वप्नं पाहू लागले, आणि पुढे मोकळीक मिळाल्यावर पोट फुटेस्तोवर खाऊनही तृप्त होईनात. अन्नाची ओढ वाढवण्याचा एक हमखास मार्ग म्हणजे उपासमार. दारू सोडणाऱ्याला निदान दारूपासून पूर्ण दूर जाता येतं. खाणाऱ्याला त्याच ताटाशी दिवसातून तीनदा बसून सलोखा करायचा असतो. जबाबदारी आहेच. पण ती पेलण्याची ताकद ज्या घडणीतून येते तीच झिजलेली असताना नुसतं जबाबदारीचं नाव घेणं म्हणजे लंगड्याला पळायला सांगणं.

औषधांनी या वादात नवा साक्षीदार उभा केला आहे. मधुमेहासाठी आलेलं सेमाग्लुटाइड वजनासाठी वापरल्यावर ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, हे २०२१ साली प्रसिद्ध झालं. घेणारे सांगतात की डोक्यातला खाण्याचा सततचा घोष थांबला. तो घोष ज्यांनी कधी ऐकलाच नाही त्यांना हे वाक्य कळणं कठीण, आणि फुकटचे सल्ले देणारे बहुधा हेच असतात. २०२५ साली दारूच्या आहारी गेलेल्या ४८ जणांवर हेच औषध कमी मात्रेत वापरून पाहिलं, तेव्हा त्यांची दारूची तल्लफ कमी झाली आणि पिण्याच्या दिवशीची मात्राही घटली. एकच औषध दोन्ही ओढींवर चालतं, यावरून दोन्ही वाटा मेंदूत कुठेतरी एकत्र येतात असं अनुमान काढायला जागा आहे; अभ्यास लहान आहे, म्हणून ते सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. जठराच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या वर्षी दारूचा त्रास वाढतो, म्हणजे एक व्यसन जाऊन दुसरं आलं, असाही दाखला दिला जातो. तो मी वापरत नाही. त्या शस्त्रक्रियेनंतर दारू रक्तात लवकर आणि जास्त चढते, तेवढंही कारण पुरेसं असू शकतं. औषधांची दुसरी बाजू अशी की, ती थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत येतं. माणूस औषध सोडून परततो तो त्याच दुकानांत, त्याच जाहिरातींत, त्याच माळांखाली.

आपल्या देशापुरतं बोलायचं तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २४ टक्के स्त्रिया आणि जवळजवळ २३ टक्के पुरुष वजनाने जादा किंवा स्थूल निघाले. आणि हा आकडा आपल्याला निम्मंच सांगतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापलं गेलं. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. वजनकाटा आपल्या लोकांना पास करतो आणि स्वादुपिंड नापास होतं. मघाशी सांगितलेल्या ब्रूकहेवनच्या स्कॅनमधली स्थूल माणसं चाळिशीच्याही वरच्या बीएमआयची होती. अशी माणसं पुण्या-मुंबईत मोजकी. बावीस-चोविसाच्या बीएमआयवर मधुमेहाच्या दारात उभी असलेली रग्गड. त्यांना लठ्ठ कोणी म्हणत नाही, म्हणून त्यांच्या खाण्याची चौकशीही कोणी करत नाही. म्हणून डॉक्टरांना माझं सांगणं आहे की, रोग्याला काट्यावर उभं करण्याआधी दोन प्रश्न विचारा: काय खाल्ल्यावर थांबता येत नाही, आणि ते घरात कुठे ठेवलेलं असतं?

कायद्याकडून मागायचं ते फार मोठं नाही, आणि त्यातलं काही मिळालेलंही आहे. चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पुड्यांवर काळे अष्टकोनी इशारे सक्तीचे केले. केरळने त्याच वर्षी बर्गर-पिझ्झावर साडेचौदा टक्के कर लावला होता; वस्तू आणि सेवा कर आला आणि तो त्यात विरून गेला. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली शाळांसाठी नियम अधिसूचित केले. चरबी, मीठ किंवा साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकायला त्यात मनाई आहे. तंबाखूसाठी २००३ च्या कायद्याने हेच अंतर शंभर यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर ठरवलं आहे. तेव्हा इथून घरी गेल्यावर आपापल्या भागातल्या शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटर पावलांनी मोजून पाहा, तेवढ्या टप्प्यात कशाकशाच्या माळा लटकताहेत त्याची यादी करा, आणि ती मुख्याध्यापकांना आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाला लेखी द्या, एवढी विनंती करून मी थांबतो.